कॅमेरा आणि काळवीट



वसंतातल्या या ज्ञानसत्रात तत्त्वज्ञानावर, अर्थकारणावर, साहित्यावर आणि शेतीवर जाणत्यांची भाषणे होत असतात. त्या पंक्तीत, गळ्यात कॅमेरा अडकवून माळरानावर हिंडणाऱ्यांना पाट मांडून बसविण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. बोलताना आम्ही 'आम्ही' असे म्हणणार, ते मोठेपणासाठी नव्हे. आम्ही खरोखरच चौघे आहोत. एकाची शिक्षकी, एकाचे दुकान, एकाची शेती आणि एक सेवानिवृत्त. गेली कित्येक वर्षे सुटीचा दिवस आला की आम्ही पहाटे चारला घर सोडतो आणि दुपारी उन्हाने रापलेली तोंडे घेऊन परत येतो. आज बोलण्याचे काम एकाच्या वाट्याला आले आहे इतकेच. शब्द चौघांचे आहेत, चुकाही चौघांच्याच आहेत.

आम्हांस भेटणारे गृहस्थ बहुधा दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कॅमेरा कोणता घ्यावा?" आणि दुसरा, "आपल्या नगर जिल्ह्यात टिपण्यासारखे आहे तरी काय? त्यासाठी ताडोब्याला नाही तर आफ्रिकेला जायला हवे!" या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आम्ही आज करणार आहोत. पण आम्हांस स्वतःला छळणारा एक तिसरा प्रश्न आहे. तो आम्हांस एका मेंढपाळ म्हाताऱ्याने कर्जत तालुक्यातल्या एका माळावर विचारला होता. त्याच्यापर्यंत आपण यथाक्रम येऊच.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. माळ, डोंगर आणि पाणी मात्र होते तिथेच आहेत. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा कणा आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर तेथलेच, आणि १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही तेथलेच. पूर्वेस शेवगाव-नेवाशाच्या अंगाला जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे. हिवाळ्यात तेथे परदेशी बदके आणि रोहित पक्षी उतरतात. मधल्या भागात प्रवरेच्या पाटाखालचा ऊस, आणि त्या उसात बिबट्या. दक्षिणेस कर्जत, श्रीगोंदे, पारनेर या तालुक्यांतली उघडी, कुसळांची माळराने. तेथे काळवीट, लांडगा, खोकड, तरस, धाविक आणि चंडोल. ज्याला आपण ओसाड म्हणून नाक मुरडतो ते माळरान ओसाड नसते. पाहणाराने पहाटे सहाच्या आधी तेथे पोचलेले असावे लागते, एवढीच अट आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. फिल्मच्या काळात एका रिळात छत्तीस चित्रे मावत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. आणि चित्र बरे आले की नाही हे आठ दिवसांनी, रीळ धुऊन आल्यावर कळे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉईल आणि स्मिथ या दोघांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ती साठविणारी एक चकती शोधून काढली. पुढे २००९ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने अशी चकती वापरून फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात असलेल्या फोनच्या चित्रात एक कोटीहून अधिक ठिपके असतात. पन्नास वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला.

कॅमेरा कितीही नवा असला तरी त्याचे मूळ काम एकच : हवा तेवढा प्रकाश, हवा तेवढा वेळ आत घेणे. आपल्याकडे रात्रपाळीने शेतात दारे धरणारांना हे सांगण्याची गरजच नाही. पाटाचे दारे किती रुंद फोडले, ते किती वेळ उघडे ठेवले आणि जमीन किती तहानलेली आहे, या तिन्हींवर वाफा भरणे अवलंबून असते. भिंगातल्या छिद्राची रुंदी म्हणजे दाऱ्याची रुंदी. शटर उघडे राहण्याचा काळ म्हणजे पाणी वाहू देण्याचा काळ. आणि ज्याला आयएसओ म्हणतात ती म्हणजे जमिनीची तहान. ती वाढविली की थोड्या प्रकाशातही चित्र उमटते, पण अति वाढविली की चित्रावर वाळूसारखे कण दिसू लागतात. फिल्मच्या वेळी शंभर किंवा चारशेवर भागवावे लागे. आता बत्तीसशे किंवा चौसष्टशेवरही चांगले चित्र निघते. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या प्रकाशात, म्हणजे ज्या वेळी जनावर खरोखर हिंडते-फिरते त्या वेळी, या सुधारणेचा फार मोठा उपयोग आहे.

दाऱ्याची रुंदी आणि वेळ यांतला सौदा मात्र पाहणाऱ्यालाच करावा लागतो. उभे राहून कान टवकारणारे काळवीट सेकंदाच्या पाचशेव्या भागात नीट येते. तेच उधळले आणि हवेत झेपावले की दोन हजारावा भागही कधी अपुरा पडतो. भिंगाची लांबी चारशे मिलिमीटर असेल तर निदान चारशेव्या भागाहून कमी वेग ठेवू नये, असा जुन्यांचा ठोकताळा आहे. कारण लांब भिंग जनावर जसे मोठे करते तसा आपल्या हाताचा कंपही मोठा करते. अलीकडच्या कॅमेऱ्यांत हा कंप सावरण्याची युक्ती असते. ती आपला हात सावरते. पळणाऱ्या हरणाचे पाय ती थांबवू शकत नाही, हे नवशिके विसरतात. महागड्या तिवईपेक्षा आम्हांस बाजरी भरलेली कापडी पिशवी अधिक उपयोगी पडली आहे. गाडीच्या खिडकीवर किंवा जमिनीवर ती ठेवावी आणि तिच्यात भिंग रुतवावे. शेवटी अगदीच वेळ आली तर बाजरी खाताही येते!

आता माळरानाची एक खास गोष्ट सांगतो, कारण पैसे खर्चून आम्ही ती शिकलो आहोत. आमच्यातल्या एकाने एक लांब भिंग घेतले. त्याची किंमत एका चांगल्या दुभत्या म्हशीहून अधिक होती. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला ते भिंग लावून आम्ही दूरच्या काळविटांची शेदोनशे चित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो एकही स्पष्ट नाही. प्रत्येक हरीण पाण्याखाली उभे असल्यासारखे थरथरत होते. भिंग सदोष आहे अशी आमची खात्री झाली. वस्तुतः दोष भिंगाचा नव्हता, आमच्या उशिरा उठण्याचा होता. जमीन तापली की तिच्यावरची हवा थराथरांनी हलू लागते, प्रत्येक थरात प्रकाश निराळा वाकतो, आणि लांब भिंग तो सगळा थरथराट मोठा करून दाखविते. मृगजळ म्हणतात ते हेच. यावर बाजारात औषध नाही. उन्हाळ्यात आठ-साडेआठच्या आत काम आटोपावे, किंवा जनावर जवळ येईल अशी बसण्याची जागा शोधावी, एवढाच उपाय आहे.

दुसरी अडचण काळविटाच्या रंगाची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक अशी समजूत करून बसलेला असतो की जग सरासरीने करडे आहे. चौकटीत काळा नर मोठा दिसत असला की यंत्राला वाटते, अंधार आहे. ते प्रकाश वाढविते, मग काळा रंग राखाडी होतो आणि पोटाचा पांढरा भाग जळून जातो. उलट, नर लहान आणि भोवती चकचकीत वाळले गवत असले की यंत्र प्रकाश कमी करते, आणि नराच्या जागी नुसता काळा डाग उरतो. तेव्हा पहिल्या प्रसंगी आपण प्रकाश थोडा उतरवावा, दुसऱ्या प्रसंगी थोडा चढवावा, आणि पडद्यावरचा प्रकाशाचा आलेख पाहून पुन्हा घ्यावा. चित्र कच्च्या फाइलच्या रूपात साठविले तर घरी गेल्यावर थोडी दुरुस्ती करता येते. जे जळाले ते मात्र परत येत नाही.

हे सर्व आम्ही शिकलो ते बहुतेक रेहेकुरीच्या परिसरात. कर्जत तालुक्यातले हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावच्या शिवारापेक्षाही लहान. तेवढ्या जागेला संरक्षण मिळाले आणि काळवीट वाढले, इतके की आज ते आसपासच्या शेतांत सर्रास चरताना दिसतात. शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते. आपण चित्र काढून घरी जातो, पीक मात्र त्याचे खाल्ले जाते, ही गोष्ट कॅमेरावाल्याने कधी विसरू नये. बांधावरून जाण्यापूर्वी धन्याला रामराम घालावा. आम्हांस आजवर कोणी हुसकले नाही. उलट पुष्कळदा चहा मिळाला, आणि कळप कोणत्या अंगाला आहे याची बातमीही मिळाली.

काळवीट जाणून घेतले की भिंगाची लांबी कमी लागते, हा आमचा अनुभव. नर आपला इलाखा धरून असतो. त्याच त्या ठिकाणी तो लेंड्या टाकतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव काड्यांना लावतो, आणि दुसरा नर आला की मान उंचावून, कान खाली सोडून, पिळाची शिंगे पाठीवर टेकवून, शेपटी वळवून ठुमकत चालू लागतो. आता ज्याला लेंड्यांचा तो ढीग सापडला त्याने कळपामागे धावण्याचे कारण काय? वाऱ्याची दिशा पाहावी, झुडपाच्या आडोशाला लपण करावे, पहाटेच जाऊन पालथे पडावे आणि वाट पाहावी. नर आपल्या पायांनी आपल्याकडे येतो. आमचे सर्वांत जवळचे चित्र असे आले आहे. साडेतीन तास आम्ही हललो नव्हतो. नर इतका जवळ आला की भिंगाला तो जुळवून घेता येईना, आणि पुढे तो आपल्या वाटेने निघून गेला. आम्ही तेथे होतो हे बहुधा त्याला कळलेही नाही. त्या सकाळी आम्हांस चार चित्रे मिळाली, पण त्यांबद्दल आमच्या मनाला काही टोचत नाही.

टोचते ते दुसरे चित्र, आणि त्यासाठीच आज येथे उभे राहण्याचे कबूल केले.

अभयारण्याबाहेरच्या एका पडीक माळावर एकदा चालताना आमच्या पायाशी गवतात एक पाडस दिसले. दोनतीन दिवसांचे असेल. हरणाचे पिलू जन्मल्यावर काही दिवस गवतात दबून पडून राहते. आई दूर चरते आणि पाजायला तेवढी येते. धोका वाटला तरी पिलू पळत नाही, मान जमिनीला लावून अधिकच निश्चल होते. तोच त्याचा बचाव. आम्ही हे पुस्तकात वाचले होते. तरीही आम्ही तेथून निघालो नाही. प्रकाश सोन्यासारखा होता, पाडसाच्या डोळ्यांत आकाश उतरले होते, आणि असा योग पुन्हा येणार नव्हता. चौघे आळीपाळीने पालथे पडलो. एकाने मध्ये येणारी गवताची दोन पाती अलगद वाकविली. असा पाऊण तास गेला असेल.

तेवढ्यात मेंढरे घेऊन एक म्हातारबाबा आले. थोडा वेळ काठीवर हनुवटी टेकून ते आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "का रं पोरांनो, कवाच्यानं हितं बसलाय? त्याची आई तिकडं हुबी हाय, दिसली का?" आम्ही मान वर केली. खरेच, दूर बाभळीजवळ एक मादी उभी होती. चार पावले पुढे येई आणि पुन्हा मागे जाई. पाऊण तासात आमच्यापैकी एकानेही मान वर केली नव्हती. "तुम्ही मधी बसल्याव ती येईल कशी?" म्हातारबाबा म्हणाले. "आन् ती बघा, कुत्रीबी तुमच्याकडं बघाया लागली." वस्तीवरची तीन कुत्री बांधावर येऊन बसली होती. माणसे एका जागी घुटमळताहेत म्हणजे तेथे काहीतरी आहे, हे त्यांना कळले होते.

आम्ही निघालो. बाबांनी कुत्री हाकलून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा तेथे गेलो, तेव्हा जागा रिकामी होती. आई पिलाला घेऊन गेली असेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले. कुत्र्यांच्या पायांचे ठसे तेथे होते, हेही चौघांनी पाहिले होते. ते कोणी बोलले नाही. ते चित्र आमच्यापाशी आहे. तांत्रिकदृष्ट्या आमच्या सर्व चित्रांत ते सरस आहे. आम्ही ते कोणत्याही स्पर्धेला पाठविले नाही, कोणत्याही भिंतीवर लावले नाही.

श्रोतेहो, "तुम्ही मध्ये बसल्यावर ती येईल कशी?" हा तो तिसरा प्रश्न. मग जिकडे जावे तिकडे आम्हांस तोच दिसू लागला.

ताडोबाला, उमरेडला आम्हीही जातो. गाडीत बसून रांगेत वाघ पाहतो. त्या प्रवासाला आम्ही नावे ठेवीत नाही. त्यातून जंगलाकाठच्या गावांतील वाटाड्यांना आणि चालकांना पोट भरण्याचे साधन मिळते. पण २०२४ च्या अगदी अखेरीस उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले. ती चलचित्रे घरोघरी पोचली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली. ते वाचून आम्ही कोणाला दोष देऊ शकलो नाही. ज्या गाडीत बसलेल्या माणसाच्या हाती कॅमेरा होता, त्याच्यात आणि माळावरच्या आमच्यात फरक काय होता? त्याच्यापुढे वाघीण होती, आमच्यापुढे हरिणी होती, इतकाच.

आपल्या भंडारदऱ्याचे घ्या. मेअखेरीस वळवाचे चार थेंब पडले की तेथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखू लागतात. हा देखावा पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचे ते चमकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तेवढ्यात जोडी जमली तर पुढची पिढी, नाही तर नाही. अशा वेळी गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचे झगझगीत दिवे झाडावर पडले की ती साद त्या उजेडात बुडून जाते. आपण तेथेही मध्ये जाऊन बसतो.

येथे एक तांत्रिक खुलासाही करायला हवा. सारे झाड सोन्याच्या ठिपक्यांनी मढलेले जे चित्र आपण पाहता, ते एका क्षणाचे नसते. तिवईवर कॅमेरा पक्का करून वीस-तीस सेकंदांची अनेक चित्रे घ्यायची आणि मग ती संगणकावर एकावर एक रचायची, अशी ती रीत आहे. म्हणजे त्यात अर्ध्या-पाऊण तासाचे काजवे एकत्र आलेले असतात. रीत वाईट नाही, पण तसे सांगावे. न सांगितल्यामुळे माणसे चित्रासारखे झाड पाहायला म्हणून येतात, तसे दिसले नाही की हिरमुसतात, आणि अधिक आत घुसून झाडे हलवू लागतात. आणि गंमत अशी की या चित्राला लागतो तो काळोख! ज्याला काजव्याचे उत्तम चित्र हवे त्याने आपला दिवा आधी विझविला पाहिजे. येथे काजव्याचे हित आणि चित्रकाराचे हित एकच आहे.

आता उसातल्या बिबट्याकडे येतो. हा विषय नाजूक आहे. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जुन्नर-शिरूर भागात बिबट्याने माणसे मारल्याच्या घटना घडल्या आहेत. ज्या घरातले लेकरू गेले त्यांच्यापुढे सौंदर्याच्या गोष्टी करणे आम्हांस शोभणार नाही. पण चित्राने माणसाच्या ज्ञानात खरी भर कशी पडते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच अकोले तालुक्यात आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या उसाच्या पट्ट्यात वाटांच्या कडेला आपोआप चालणारे कॅमेरे लावले. समोरून जनावर गेले की कॅमेरा आपण होऊन चित्र घेतो. ही युक्ती तशी जुनी, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेकडील जंगलांत तारेच्या सापळ्याने वाघांची अशी चित्रे मिळविली होती. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे निराळे. त्यांवरून एकेक बिबट्या ओळखता आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस होते. त्यांच्या पुढच्या अभ्यासात असेही दिसले की त्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. वाट चुकून आलेला पाहुणा म्हणून ज्याला आपण पकडून दूर सोडीत होतो, तो तेथलाच रहिवासी होता, हे त्या चित्रांनी सांगितले.

त्याच सुमारास २००९ साली, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या नराला बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याचे नाव 'आजोबा' पडले. शंभराहून अधिक किलोमीटर चालत, रस्ते, रूळ आणि वस्त्या ओलांडीत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. २०११ साली वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. ज्याला त्या सबंध प्रवासात फारसे कोणी पाहिले नाही, तोच आज आपल्या जिल्ह्याचा सर्वांत प्रसिद्ध बिबट्या आहे!

ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिले सापडतात, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. लगेच गर्दी जमते, पिले हातोहात फिरतात, फोन बाहेर निघतात, आणि जागेचा पत्ता घटकेत तालुकाभर होतो. जुन्नरकडच्या आणि आपल्याकडच्या जाणत्या वनकर्मचाऱ्यांची आणि पशुवैद्यांची रीत पाहा. पिले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवायची, कॅमेरा लावायचा, आणि सर्वांनी दूर जायचे. रात्री आई येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. ती चित्रे कधी अंधुक असतात, कधी तिरपी असतात, कधी त्यांत आईचे अर्धे शरीरच दिसते. कोणत्याही स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळणार नाही. पण आई येते ती तेथे कोणी बसलेले नसते म्हणूनच. माळावरच्या म्हातारबाबांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या अंधुक चित्रांत मिळाले.

एक खेदाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्यात आपले कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे तालुके होते. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात होते. पुढे पुष्कळ घटविले गेले. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि वर्षाला बहुधा एकच अंडे जमिनीवर घालणारा तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. साऱ्या देशातही दीडशेच्या आसपासच उरले आहेत, आणि ते मुख्यतः राजस्थानात. आमच्या मित्रमंडळींत वडीलधाऱ्यांनी घेतलेले माळढोकाचे एक जुने कृष्णधवल चित्र आहे. पक्षी त्यात लहान दिसतो, थोडा हललाही आहे. तरी ते पाहताना आम्ही गप्प होतो. जनावर गेल्यावर चित्र हा पुरावा उरतो. पण चित्रांचा संग्रह वाढावा आणि जनावरे पुराव्यापुरती उरावीत, यासाठी कोणी कॅमेरा घेत नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन रजा घेतो. कॅमेरा कोणता घ्यावा? घरात असेल तो. नवा घ्यायचाच असेल तर शरीरापेक्षा भिंगावर पैसे घालावेत. अलीकडच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत आवाज न करता चित्र घेता येते. जनावराच्या दृष्टीने तो गुण मोठा आहे, तो अवश्य पाहावा. तीनशे ते चारशे मिलिमीटरचे भिंग माळरानाला पुरते. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा जावे. आपल्या जिल्ह्यात ते एस.टी.च्या भाड्यात होते. घरटे, पिलू किंवा गुहा दिसली तर एक चित्र घेऊन, किंवा न घेताच, मागे फिरावे. चित्र चारचौघांना दाखवावे, पण नाजूक जागेचा पत्ता सांगू नये. आणि दर पाच मिनिटांनी भिंगावरून डोळा काढून एकदा सभोवार पाहावे. दूर बाभळीखाली कोणी उभे असेल.

आमच्या चौघांत एक नेम ठरला आहे. चित्र घेतल्यावर आम्ही एकमेकांना ते कसे आले हे आधी विचारीत नाही. जनावर उठून गेले की आपण आधी उठलो, हे विचारतो. आपण आधी उठलो असलो तर त्या दिवशी घरी परतताना गप्पांना रंग भरतो.